२४५ किलोमीटरचा प्रवास आणि हरवलेलं जीपीएस

फिनलंडचं हेलसिंकी ते एस्टोनियाचं टार्टू हे हवाई अंतर जेमतेम २४५ किमी. विमान तासाभराच्या आत पोहोचतं. पण एप्रिल २०२४ मध्ये फिनएअरची दोन विमानं टार्टूला न उतरताच परत फिरली. मग कंपनीने महिनाभर ही सेवाच बंद ठेवली. कारण? जीपीएस जॅमिंग.

मलाही आधी वाटलं, जीपीएस गेलं की विमान भरकटतं. तसं नाही. वाटेत इतर यंत्रणा असतातच. अडचण होती उतरताना, कारण टार्टूला धावपट्टीकडे येण्याची पद्धत जीपीएसवरच बेतलेली होती.

हे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवर असतात. तिथून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो, की जमिनीवरून त्याच फ्रिक्वेन्सीवर गोंगाट केला तर तो सहज दबतो. एस्टोनियाने बोट दाखवलं रशियाकडे.

शेवटी टार्टूत जीपीएसशिवाय उतरण्याची सोय झाली आणि जूनमध्ये विमानं परत सुरू झाली. म्हणजे उपाय नवा उपग्रह नव्हता, दुसरा पर्याय हाताशी असणं हा होता. आपली कॅब, डिलिव्हरी, मॅप सगळं याच क्षीण सिग्नलवर चालतं. आपल्याकडे दुसरा पर्याय कोणता, हे आत्ताच विचारायला हवं.