डावा विळा कुठे मिळतो?

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात दिवाळीच्या आगेमागे भात कापणीला येते. डाव्या मुठीत भाताचा चूड, उजव्या हातात विळा, अशी वाकलेली माणसे सरकत जातात. त्यांत एखादा डावखुरा असला तर त्याचा हात मागे पडतो. मग 'याला कापणी जमत नाही' असे ठरते आणि त्याच्याकडे भारे वाहायचे काम येते.

दोष मात्र विळ्याचा असतो. दातेरी विळ्याचे, कोकणात ज्याला वैभव विळा म्हणतात त्याचे, दात पात्याच्या एकाच अंगाने छिनलेले असतात. उजव्या हाताने अंगाकडे ओढला की पाते चुडात नीट शिरते. तोच विळा डाव्या हातात घेतला की पाते उलटे होते, चुडावरून सटकते आणि मूठ धरलेल्या बोटांवर येते. कमरेच्या आकडीतली कोयती तशी नाही, ती कोणत्याही हाताला चालते. कंद खणणाऱ्या कुदळीलाही दोन्ही हात लागतात. घोडे अडते ते विळ्यापाशी.

बहुतेक माणसे उजवीच का, असे विचारले की आपल्याकडे रूढीकडे बोट दाखवतात. तीर्थ उजव्या हातावर, घास उजव्या हाताने, दान उजव्या हाताने. गोव्या-कोकणातल्या देवळांत देवाला कौल लावतात, तिथेही उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पण रूढीने माणूस उजवा झालेला नाही. माणूस आधीच उजवा होता, रूढी मागाहून आली आणि तिने उरलेल्यांच्या हातावर छडी मारली.

याचा पुरावा आईच्या पोटातच मिळतो. बेलफास्टमधल्या संशोधकांनी सोनोग्राफीत अंगठा चोखणारी बाळे पाहून ठेवली आणि ती दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा गाठली. उजवा अंगठा चोखणारी ६० होती, ती ६० च्या ६० उजव्या हाताची निघाली. डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी राहिली, ५ उजवीकडे वळली. पोटातल्या बाळाला तीर्थप्रसादाचे नियम कुणी शिकवले होते? त्याहून जुना पुरावा दातांवर आहे. निअँडरथल माणूस मांस किंवा कातडे पुढच्या दातांत धरून दगडाच्या पात्याने कापायचा. पाते निसटले की दातावर तिरका ओरखडा उठायचा आणि त्याच्या कलावरून हात ओळखता येतो. क्रोएशियातल्या क्रापिना इथे सापडलेले असे दात सुमारे १ लाख ३० हजार वर्षांपूर्वीचे आहेत आणि त्यांतले बहुतेक ओरखडे उजव्या हाताचे आहेत.

ढाल-तलवारीचा सिद्धान्तही यातच निकालात निघतो. काळीज डावीकडे, म्हणून ढाल डाव्या हातात आणि तलवार उजव्यात, असे इतिहासकार कार्लाइलच्या काळापासून सांगत आले आहेत. ऐकायला झकास. पण ढाली येण्याच्या कितीतरी आधी हात उजवे होते. आणि ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या तलवार धरली नाही, त्यांच्यात डावखुऱ्यांचे प्रमाण पुरुषांहून थोडे कमीच आहे.

खरी गोष्ट मेंदूतली आहे. मेंदूचा डावा अर्धा उजव्या हाताला चालवतो आणि बहुतेकांची भाषाही तिथेच असते. ही विभागणी जन्माआधी सुरू होते. तिच्यामागे एकच जनुक नाही. १७ लाखांहून अधिक लोकांच्या तपासणीत डावखुरेपणाशी जोडलेली ४१ जनुकीय ठिकाणे सापडली आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभरच. उरलेला बराच भाग योगायोगाचा, म्हणून तर एकसारख्या जुळ्यांतही एक उजवा आणि दुसरा डावरा निघतो. क्रिकेटवरून हात ओळखू नये. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि फलंदाजी करतो उजव्या हाताने. सांगलीच्या स्मृती मानधनाचे याच्या उलट.

जगभरात दहात एक माणूस डावखुरा असतो. आपल्याकडे मोजणी कमी भरते, याचा अर्थ आपल्याकडे डावखुरी मुले कमी जन्मतात असा नाही. ब्रिटनमध्येही १९०० च्या सुमारास जन्मलेल्यांत डाव्या हाताने लिहिणारे तीनेक टक्केच होते. शाळांनी हात बदलायची सक्ती सोडली आणि तोच आकडा दहाच्या पुढे गेला. जन्म तसेच होते, छडी थांबली एवढेच. आपली मराठी, शेजारची कन्नड, शाळेतली इंग्रजी, तिन्ही डावीकडून उजवीकडे लिहितात. डावखुऱ्या पोराचा हात ताज्या शाईवरून फिरतो, वही माखते आणि वर गुरुजींची बोलणी बसतात ती वेगळीच.

जोयडा तालुक्याची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास आहे. दहात एक धरला तर पाच हजार डावखुरे याच रानात राहतात. त्यांतले किती जण नाइलाजाने उजव्या हाताने कापणी करतात, हे कुणी विचारलेलेही नाही. जपानमध्ये डाव्या हाताचा दातेरी विळा दुकानात मिळतो. त्यात नवी विद्या काही नाही, दात पात्याच्या दुसऱ्या अंगाने छिनायचे एवढेच. गावचा लोहारही ते करू शकेल, पण त्याला कुणी सांगायला हवे. कर्नाटक सरकारची रयत संपर्क केंद्रे शेतकऱ्यांना अनुदानावर अवजारे देतात. त्यांनी यंदाच्या सुगीआधी यादीत डाव्या विळ्याची एक ओळ वाढवावी.