कागदी घोडे आणि जळते टायर

२०२५ च्या जानेवारी महिन्यात पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात जुन्या टायरपासून तेल काढणाऱ्या एका कारखान्यात स्फोट झाला. दोन स्त्रिया आणि दोन बालके त्यात प्राणांस मुकली. भट्टीजवळ बालके कशी आली, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही परवान्यात लिहिलेले नसते. जेथे मजूर राबतो, तेथेच बहुधा त्याचे बिऱ्हाड असते, एवढेच ते उत्तर आहे.

दोन महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, बीबीसीने एक शोधवृत्त प्रसिद्ध केले. ब्रिटनमधून निघालेल्या जुन्या टायरांमध्ये माग काढणारी यंत्रे दडवण्यात आली होती. ती यंत्रे आठ आठवड्यांचा प्रवास करून मुंद्रा बंदरात उतरली आणि तेथून सुमारे तेराशे किलोमीटर आत, काजळीने माखलेल्या आवारात जाऊन पोहोचली. कागदोपत्री हे टायर 'पुनर्वापरासाठी' निघाले होते; प्रत्यक्षात त्यांची वाट भट्टीकडे जात होती. वाड्याच्या त्या कारखान्यातही युरोपातून आलेले टायर वापरले जात होते, असे त्याच वृत्तात म्हटले आहे. जे एका वृत्तसंस्थेला तळहाताएवढ्या यंत्राने कळले, ते दोन देशांच्या शासनयंत्रणांना हजारो स्वाक्षऱ्यांनिशी भरलेल्या प्रपत्रांतून का कळू नये? या प्रश्नाच्या मुळाशी गेल्याशिवाय वाड्याच्या चार मृत्यूंचा अर्थ लागणार नाही.

ग्लासगोचे अश्रू, मुंद्र्याचे टायर

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे हवामान परिषद भरली होती. कोळशाचा वापर 'संपुष्टात आणण्या'ऐवजी 'टप्प्याटप्प्याने घटवण्या'चा शब्दप्रयोग भारताच्या आग्रहावरून स्वीकारला गेला, तेव्हा परिषदेच्या ब्रिटिश अध्यक्षांचा कंठ दाटून आला. जगभरच्या माध्यमांनी त्या अश्रूंची नोंद घेतली आणि भारताला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. याच ब्रिटनमध्ये दरवर्षी सुमारे पाच कोटी टायर निकामी होतात आणि त्यांपैकी जवळपास निम्मे भारताकडे रवाना होतात, असे तेथील अधिकृत आकडेच सांगतात. ज्या देशाच्या चुलीतील कोळशावर अश्रू ढाळायचे, त्याच देशाच्या भट्टीत आपले टायर धाडायचे, हे या पर्यावरणप्रेमाचे खरे स्वरूप होय.

यामागची व्यवस्था साधी आहे. युरोपीय संघाने २००३ पासून अखंड टायर आणि २००६ पासून टायरचे तुकडेही जमिनीत पुरण्यास बंदी केली. आपल्या भूमीचे रक्षण करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. परंतु बंदी घातल्याने टायर नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी भूमीवर जातो. सोबत एक प्रपत्र असते. पाठवणारा कोण, नेणारा कोण, स्वीकारणारा कोण, पुनर्वापर कोणत्या पद्धतीने होणार, हे त्यावर लिहायचे आणि शेवटी स्वीकारणाऱ्याने सही करायची. सही झाली की निर्यातदार देशाचा विवेक मोकळा होतो. त्या सहीमागे खरोखर कारखाना आहे की एखाद्या गाळ्यातील टेबल, हे पाहण्यास तिकडून कोणी येत नाही.

ऑस्ट्रेलियाने १ डिसेंबर २०२१ पासून अखंड टायरांच्या गठ्ठ्यांची निर्यात बंद केली. म्हणजे इच्छा असेल तर हे करता येते. युरोपीय संघाने २०२४ च्या नव्या नियमावलीत कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीची कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक करण्यासाठी २१ मे २०२६ हा मुहूर्त ठरवला. ब्रिटनमधील पर्यावरण संस्थेलाही गौप्यस्फोटानंतर या निर्यातीचा फेरआढावा घेणे भाग पडले. मात्र हे शहाणपण त्यांना आपल्या काळजीपोटी सुचले, अशा भ्रमात राहण्याचे कारण नाही. चोरी उघडकीस आली म्हणून कुलूप बदलण्याची भाषा सुरू झाली.

घरातला अंधार

परकीयांना बोल लावून आपले उत्तरदायित्व संपत नाही. बंदरात टायर उतरवून घेणारा आयातदार भारतीय आहे, भट्टीचा मालक भारतीय आहे आणि डोळ्यांवर कातडे ओढून घेणारा तपासनीसही भारतीयच आहे.

ही भट्टी असते तरी कशी? लोखंडी नळकांड्यात टायर भरायचे, झाकण बंद करायचे आणि प्राणवायूविना चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवायचे. निघणारी वाफ थंड केली की तेल मिळते. आत काजळी आणि पोलादी तार उरते. शास्त्रीय पद्धतीने, बंदिस्त यंत्रणेत हे काम निर्धोक होऊ शकते. परंतु पुढचा घाणा लवकर लावण्याच्या घाईत नळकांडे पुरते निवण्यापूर्वीच झाकण उघडले जाते. आतल्या ज्वालाग्राही वायूला हवा मिळते आणि पेट घेण्यास एक क्षण पुरतो. अपघात झाला नाही तरी काजळी भातखाचरांवर आणि मजुरांच्या फुप्फुसांत बसतच राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे मांडलेल्या माहितीनुसार एकोणीस राज्यांत असे ६३७ कारखाने होते. त्यांतील २७० नियम पाळत नव्हते आणि ११६ बंद होते.

मग नियम नव्हते काय? होते, आणि रंगीबेरंगी होते. २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांत वाहतुकीसाठी 'प्रपत्र १०' आहे. त्याच्या सात प्रती: पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी आणि करडी. पांढरी राज्य मंडळाला, पिवळी पाठवणाऱ्याजवळ, गुलाबी स्वीकारणाऱ्याजवळ, नारिंगी वाहतूकदाराला, हिरवी पुन्हा मंडळाला, निळी परत पाठवणाऱ्याला आणि माल परराज्यातून आला असल्यास करडी त्या राज्याच्या मंडळाला. इंद्रधनुष्याचे सातही रंग फायलींत उतरले, पण पांढरी आणि हिरवी प्रत शेजारी ठेवून वजन जुळते का, हे पाहणार कोण आणि केव्हा? कागद खोटे बोलत नाही, अशी समजूत असते. वस्तुतः कागद काहीच बोलत नाही. त्याला बोलते करणारा माणूस असावा लागतो.

पडद्यावर चढलेला कागद

या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने २१ जुलै २०२२ रोजी नियमांत केलेली सुधारणा स्वागतार्ह होती. पायरॉलिसिसचे तेल अथवा काजळी काढण्यासाठी टायर आयात करण्यास तिने मनाई केली. टायर बनवणाऱ्या कंपन्यांवर जुन्या टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली. २०२२-२३ मध्ये पस्तीस टक्के, पुढील वर्षी सत्तर टक्के आणि त्यानंतर शंभर टक्के, असे लक्ष्य ठरले. सारी नोंदणी आणि विवरणे केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर आली. पुनर्वापर करणाऱ्याने माल किती प्रक्रियेतून काढला हे तेथे नोंदवायचे, त्यावर प्रमाणपत्र मिळवायचे आणि ते कंपनीला विकायचे.

दिशा योग्य आहे. धोका तपशिलात आहे. प्रमाणपत्राला बाजारभाव आला की खोट्या नोंदीलाही बाजारभाव येतो. प्लॅस्टिकच्या बाबतीत हा अनुभव देशाने घेतला आहे. अशाच पोर्टलवर मोजक्या कारखान्यांनी सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे निर्माण केल्याचे २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्याच तपासणीत उघड झाले. पूर्वी लबाडी करायला सात प्रती भराव्या लागत; आता एक कळ दाबली की पुरते. जो आकडा माणूस आपल्या हाताने भरतो, तो कागदावर भरला काय आणि पडद्यावर भरला काय, त्याचे मोल त्या माणसाच्या प्रामाणिकपणाइतकेच राहते.

म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंदीचा खरा अर्थ असा की, नोंद यंत्राने करावी आणि दुसऱ्या यंत्राने ती पडताळावी. यासाठी लागणारी साधने देशात आहेत. सीमाशुल्क खात्याची आयात नोंद संगणकावर आहे. एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल सक्तीचे आहे. २०२१ पासून पथकर नाक्यांवर फास्टॅगची सक्ती आली. बिस्किटांचा ट्रक कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेला हे सरकारला कळते. मग टायरचा ट्रक अदृश्य का व्हावा? मुंद्रा अथवा न्हावा-शेवा येथे उतरलेला प्रत्येक गठ्ठा वजनकाट्याच्या थेट नोंदीसह कारखान्यापर्यंत दिसला पाहिजे. काट्याचा आकडा माणसाच्या हाताला न लागता पोर्टलवर गेला पाहिजे.

कारखान्याच्या आतली लबाडी पकडण्याचे मार्गही साधे आहेत. टायरचा भुगा करायला यंत्रे जबर वीज खातात. भट्टीला त्या मानाने वीज अत्यल्प लागते. हजारो टन भुगा केल्याचे सांगणाऱ्याचे वीजबिल पिठाच्या गिरणीएवढे असेल, तर त्याचा भुगा कोठे झाला हे विचारायला समिती नेमावी लागत नाही. भट्टीतून टायरच्या वजनाच्या ढोबळमानाने चाळीस टक्के तेल, तिसरा हिस्सा काजळी आणि दहा-पंधरा टक्के पोलादी तार निघते. भुग्याचे प्रमाणपत्र घेणारा जीएसटीच्या बिलांत भट्टीचे तेल विकताना दिसला, की चोर सापडला. पोर्टल, जीएसटी, सीमाशुल्क आणि वीज मंडळ यांच्या नोंदी सक्तीने एकमेकांशी जुळवल्या गेल्या पाहिजेत. अर्थात मनुष्यबळाला पर्याय नाही. विसंगती दिसताच त्याच आठवड्यात दारात जाऊन उभा राहणारा अधिकारी हवाच.

यावर आक्षेप येतो की, गावोगावचा भंगारवाला आणि रिमोल्डिंगचा छोटा कारागीर या संगणकी जंजाळात चिरडला जाईल. आक्षेप रास्त आहे. टाकाऊ वस्तूला शेवटपर्यंत वापरणे ही आपल्याकडे नियमाने आलेली गोष्ट नाही, ती जगण्याची रीत आहे. टायरच्या वहाणा घालणाऱ्या आणि बैलगाडीला जुने टायर लावणाऱ्या समाजाला पुनर्वापराचे पाठ कोणी देण्याची गरज नाही. या रीतीला जपणारा कारागीर वाचलाच पाहिजे. त्याच्यासाठी भ्रमणध्वनीवर, मराठीत, दोन मिनिटांत होणारी नोंद असावी आणि तिचे शुल्क नसावे. भाजीवाली मावशी क्यूआर कोडवर पैसे स्वीकारते, हे पाहिलेल्या देशात हे अशक्य ठरवता येणार नाही. कठोरता दाखवायची ती कंटेनर मागवणाऱ्यांवर.

समाजाचा पहारा

शासनाने करावयाचे ते शासन करील. पण राष्ट्र केवळ शासनाने चालत नसते. आपल्या तालुक्यात रात्री धूर ओकणारे नळकांडे कोठे आहे, हे दिल्लीच्या पोर्टलपेक्षा शेजारच्या गावाला आधी कळते. त्या कारखान्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र आहे काय, ते भुग्यासाठी आहे की भट्टीसाठी, हे माहितीच्या अधिकारात कोणालाही विचारता येते. ग्रामसभेत हा विषय मांडता येतो. मोटारीचे टायर बदलणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबालाही दुकानदाराला एक प्रश्न विचारता येतो: जुने टायर कोठे जातात?

वाड्याच्या स्फोटानंतर तेथील काही भट्ट्या बंद करण्यात आल्या. ही तत्परता चार जीव जाण्यापूर्वी दिसली असती तर ती कर्तव्यदक्षता ठरली असती. आज ती केवळ पंचनामा आहे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक टायरचे वजन आणि वाट देशाला ठाऊक असेल, त्या दिवशी कागदी घोड्यांची ही शर्यत थांबेल. तोवर कोणत्या तरी गावात एखादे झाकण घाईने उघडले जात राहील, आणि त्याच्या आसपास कोणाची तरी मुले खेळत असतील.