खासगीपणाची किंमत

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. परंतु तो हक्क खिशातील फोनपर्यंत पोहोचला काय? अँड्रॉइडच्याच खुल्या संहितेवर उभारलेल्या ‘ग्राफीनओएस’ या पर्यायी प्रणालीत गूगलच्या सेवा मुळात नसतात. हवी असल्यास वापरणाऱ्याने त्या घ्याव्यात. दैवदुर्विलास असा की, ही प्रणाली प्रामुख्याने गूगलच्याच पिक्सेल फोनांसाठी घडविली गेली. शिवाय काही बँकांची अ‍ॅप्स तीवर चालतच नाहीत. मग सामान्य पगारदाराने हक्क राखावा की व्यवहार? फोन घेण्यापूर्वी आपल्या बँकेचे अ‍ॅप चालते की नाही, हे सुज्ञाने पाहावेच. पण मूलभूत म्हणविणारा हक्क बजावण्यासाठी नागरिकाला तंत्रज्ञ व्हावे लागत असेल, तर तो हक्क अद्याप कागदावरच आहे, असे म्हणावे लागेल.