वारस नोंदीचा वाफसा



ज्वारी पेरायची तर वाफसा साधावा लागतो. घाई केली तर फणाला चिखल धरतो, उशीर केला तर ओल उडून जाते. घरातला कर्ता माणूस गेला की जमिनीच्या कागदालाही असाच वाफसा येतो, आणि तो आपण हटकून चुकवतो. दहावे-तेरावे होते, वर्षश्राद्ध होते. तलाठ्याकडे मात्र कोणी जात नाही.

माझ्याच घरचे सांगतो. आजोबा १९९१ साली वारले. सातबाऱ्यावरचे त्यांचे नाव निघायला २०१२ उजाडले. तेवढ्यात एक चुलते गेले, आत्या गेली. पाच वारसांत उरकले असते ते काम सतरा जणांवर गेले. त्यातले सहा मुंबईला, आणि एकाचा पत्ताच कोणाला ठाऊक नव्हता. शेतीची पदवी घेतलेल्या माणसाच्या घरची ही गत!

मेलेल्याच्या नावावर पीककर्ज मिळत नाही. हमीभावाच्या केंद्रावर कापूस घालायला सातबारा लागतो, शेतकरी ओळख क्रमांकाला लागतो, धरण-रस्त्याच्या मोबदल्याला लागतो. २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत सरकारला ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर काढावी लागली, ती अशीच नावे काढून वारसांची लावण्यासाठी. मोहिमा येतात नि जातात. कायदा मात्र १९६६ पासून आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे. (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) मुदत टळली म्हणून नोंद बंद होत नाही; उशिराने का होईना, अर्ज करा.

या कामाला वकील लागत नाही. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावे-पत्ते, स्वयंघोषणापत्र आणि जमिनीचे उतारे जोडून अर्ज द्या व पोच घ्या. गाव नमुना सहा-क मध्ये वारस चढतात, फेरफार पडतो, नोटीस निघते. पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

काही ठिकाणी “आधी कोर्टातून प्रोबेट आणा” असे भिववतात. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा शिक्का. मृत्युपत्रच नसेल तर प्रोबेट कशाचे? ते सक्तीचे होते मुंबई शहरात केलेल्या मृत्युपत्रांना आणि तिथल्या मिळकतीला. गावात बसून गावच्या जमिनीचे मृत्युपत्र केले तर त्याला ही सक्ती कधीच नव्हती. मुंबईची सक्तीही संसदेने २०२५ च्या अखेरीस काढून टाकली. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर करता येते. मुद्रांक लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, पण करून ठेवलेली बरी.

आता कडू बोलतो. निम्मी भांडणे बहिणीचे नाव लपवण्यातून उगवतात. हिंदू वारसा कायद्याने आई, पत्नी, मुलगे आणि मुली या सगळ्यांचा वारसा सारखा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्माने हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. २००५ मध्ये केंद्राच्या कायद्याने ती अटही गेली. आज अर्जात बहिणीला गाळाल, तर उद्या तिची मुले दावा लावतील आणि तुमच्या मुलांना तो निस्तरावा लागेल. तिला हक्क सोडायचा असेल तर तिने समजून-उमजून, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. ओवाळणीच्या ताटापुढे कोऱ्या कागदावर घेतलेली सही ही चोरीच आहे.

मग वकील कधी गाठायचा? कोणी हरकत घेतली तर. मृत्युपत्र खोटे असल्याचा वाद निघाला तर. त्याचा निकाल महसूल अधिकारी देत नाही, दिवाणी न्यायालय देते. एका भावाने बाकीच्यांच्या सह्यांवाचून जमीन विकली तर. मोबदल्याची रक्कम वारसांच्या वादात अडकली तर. कोर्टाचे समन्स आले तर त्याच दिवशी. घरी बसलात तर एकतर्फी निकाल लागतो. पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी बांधवांनी तर वाटण्यांआधीच विचारावे, कारण अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा थेट लागू होत नाही आणि त्यांच्या जमिनीच्या हस्तांतरावर वेगळी बंधने आहेत. नोंद मंजूर झाली पण चुकीची झाली, तर प्रांताकडे साठ दिवसांत अपील करता येते. ती मुदत बोलण्यात घालवू नका.

वकिलाची फी आधी ठरवा, पावती घ्या, कोऱ्या कागदावर सही देऊ नका. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. जुन्नर आणि घोडेगावच्या न्यायालयात विधी सेवा समितीची चौकशी करा. तो तुमचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

आणि एक विसरू नका. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे वाटणी झाली नाही. नोंद महसुलासाठी असते, हक्काचा अखेरचा निवाडा कोर्टातच होतो. पण नावच लागले नाही, तर तुम्ही कोर्टाच्या आणि बँकेच्या दारात परकेच राहता.

आणे पठारापासून लोणी-धामणीपर्यंत आपली जमीन आभाळाच्या भरवशावर आहे. पाऊस आपल्या हातात नाही. तलाठ्याकडे जाणे आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने घरचा सातबारा आणावा. त्यावर जो माणूस आज हयात नाही, त्याच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारून आणावी. त्या रेघांपासूनच बैठक सुरू करू.