ते मौन नव्हतेच

मॅरिलिन रॉबिन्सन यांच्याविषयी लिहिताना एक हिशेब हमखास मांडला जातो. पहिली कादंबरी ‘हाउसकीपिंग’ १९८० सालची, दुसरी ‘गिलियड’ २००४ची; मधली चोवीस वर्षे मौनाची. लगेच दुसरा आक्षेप येतो की, इतकी वाट पाहायला लावून बाईंनी दिले काय, तर पाद्र्याच्या तोंडचे प्रवचन! मला दोन्ही विधाने साफ अमान्य आहेत.

१९८९ साली त्यांचे ‘मदर कंट्री’ आले. इंग्लंडमधल्या सेलाफील्डच्या अणुप्रकल्पातून प्लुटोनियम असलेले सांडपाणी आयरिश समुद्रात सोडले जात होते, त्यावरचे हे जळजळीत पुस्तक. त्यात त्यांनी ग्रीनपीसचीही गय केली नाही. त्या संघटनेने अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि ब्रिटनमध्ये पुस्तकावर बंदी आली. याला मौन म्हणायचे? कादंबरी तेवढी खरी निर्मिती आणि बाकीचे फावल्या वेळचे उद्योग, असे मानले तरच ही चोवीस वर्षे रिकामी दिसतात. पुढे आयोवात शिकवत असताना त्यांनी गुलामगिरीविरोधकांनी वसवलेल्या तिथल्या गावांचा आणि कॉलेजांचा इतिहास खणून काढला. १९९८च्या ‘द डेथ ऑफ ॲडम’ या निबंधसंग्रहात तो शोध आहे आणि गिलियड हे काल्पनिक गाव त्याच मातीवर उभे आहे.

हे ध्यानात घेतले की प्रवचनाचा आक्षेपही टिकत नाही. ‘गिलियड’मधले साल १९५६. शहात्तर वर्षांचे रेव्हरंड जॉन एम्स आपल्या लहानग्या मुलासाठी पत्र लिहीत आहेत. त्यांचे आजोबा गुलामगिरीविरुद्ध पिस्तूल घेऊन लढलेले. त्याच गिलियड गावातल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चला पुढे आग लावली गेली. एम्स ते ओझरते सांगतात. आग किरकोळच होती, म्हणतात. ती मंडळी शिकागोला निघून गेली. जाताना त्यांचा पाद्री पायऱ्यांजवळची रोपे, बहुतेक लिलीची, उपटून पोत्यात भरून एम्सना देऊन गेला. एम्सना ती फुले आठवतात, आग लावणाऱ्यांबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. प्रवचनकार स्वतःच्या नायकाला असा उघडा पाडत नाही.

एम्स यांच्या मित्राचा मुलगा जॅक याची बायको कृष्णवर्णीय आहे. तिला घेऊन या गावात राहता येईल का, हे चाचपायला तो आला आहे. एम्स त्याला बसथांब्यापर्यंत सोबत करतात, मनापासून आशीर्वाद देतात. जॅक एकटाच बसमध्ये चढतो. २०२० साली रॉबिन्सन यांनी ‘जॅक’मध्ये याच जोडप्याची सुरुवातीपासूनची गोष्ट लिहिली, आणि ती घडते सेंट लुईसमध्ये, जिथे मिसुरीच्या कायद्याने असे लग्नच निषिद्ध होते.