सध्या काय वाचता?

कार्यकर्त्यांचे शिबिर संपत आले की रात्रीच्या जेवणानंतर सतरंजीवर गप्पांचा फड जमतो आणि कोणीतरी कोणाला तरी विचारते, "सध्या काय वाचता?" या साध्या प्रश्नाची उत्तरे ऐकण्यासारखी असतात. एक जण शेतमालाच्या भावांसंबंधीच्या अहवालाचे नाव घेतो, दुसरा एखाद्या नेत्याच्या चरित्राचे. तिसरा क्षणभर घुटमळतो आणि काहीशा संकोचाने म्हणतो, "विशेष काही नाही, एक कादंबरी हाती लागली आहे." कादंबरी कोणती, ती कशी वाटली, हे त्याला कोणी विचारीत नाही. संभाषण पुन्हा अहवालाकडे वळते.

'विशेष काही नाही' हा शेरा तपासून पाहावयास हवा. त्यामागे एक समजूत आहे. अहवाल वाचणे हे काम, आणि कादंबरी वाचणे हा कामातून काढलेला वेळ. अहवालावर चर्चा करावयाची, कादंबरीवर फार तर आवडनिवड सांगावयाची. वस्तुतः वाचीत असलेल्या कादंबरीविषयी माणसांनी एकमेकांशी बोलणे ही लोकमत घडण्याची एक जुनी आणि खात्रीची रीत आहे. समाजवादी चळवळीला तिचे विस्मरण व्हावे, हे चळवळीच्याच हिताचे नाही.

आपल्याच इतिहासातील उदाहरण घेऊ. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. यमू नावाची मुलगी आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगते: बालपण, लग्न, सासर आणि पुढे वैधव्य. नेमक्या याच काळात संमतिवयाच्या विधेयकावरून महाराष्ट्रात वादळ उठले होते. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर नेणारा हा कायदा १८९१ साली झाला. सभांतून आणि वृत्तपत्रांतून शास्त्रार्थ चालला होता, परक्या सरकारला आमच्या घरात हात घालण्याचा अधिकार काय, हा प्रश्न हिरिरीने लढविला जात होता. त्या सर्व वादात जिच्याविषयी वाद, त्या मुलीला बोलावयास जागा नव्हती. ती जागा कादंबरीने दिली. सभेत विधेयकाला विरोध करून घरी परतणाऱ्या गृहस्थाच्या माजघरात यमूचे पुढे काय झाले, याची चौकशी चालू असणे अशक्य नव्हते. विधेयकाच्या बाजूने वा विरुद्ध मत देण्याचा अधिकार त्या माजघराला नव्हता; यमूविषयी मत देण्याचा अधिकार मात्र कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते. मताधिकार नसलेल्यांचे मत प्रथम अशाच आडवाटांनी आकार घेते.

दुसरे उदाहरण दूरच्या देशातील, परंतु कामगार चळवळीच्या दृष्टीने फार बोलके आहे. क्यूबाची राजधानी हवाना येथील चिरूट वळण्याच्या कारखान्यांत १८६५ साली एक प्रथा सुरू झाली. शेकडो कामगार बाकांवर बसून तंबाखूची पाने वळीत असत आणि एक वाचक उंच जागेवर बसून त्यांना मोठ्याने वाचून दाखवीत असे. आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी. वाचकाचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढीत. अनेक ठिकाणी पुढची कादंबरी कोणती, हे कामगार मतदानाने ठरवीत. ह्यूगो, झोला, द्यूमा, सर्व्हांतेस हे लेखक अक्षरओळख नसलेल्या माणसांना असे परिचयाचे झाले. कादंबरीतील प्रसंग पसंत पडला की पाने कापण्याची पाती बाकावर आपटून ते दाद देत. स्पॅनिश सत्तेने या प्रथेतील धोका तत्काळ ओळखला आणि १८६६ साली तिच्यावर बंदी घातली. पुढे स्थलांतरित कामगारांनी ती अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात नेली. तेथील टँपा शहराच्या कारखानदारांनी १८३१ नव्हे, तर शंभर वर्षांनी, म्हणजे कामगार संघटना चांगल्या रुजल्यावर, १९३१ साली वाचकांना कारखान्याबाहेर काढले, तेव्हा कामगारांनी काम बंद ठेवले. वेतनासाठी संप होतात हे सर्वांना ठाऊक आहे. वाचनासाठीही ते झाले आहेत.

राज्यकर्त्यांना आणि मालकांना कशाचे भय वाटले? केवळ पुस्तकातील मजकुराचे नव्हे. एकच गोष्ट शंभर माणसांनी एकत्र ऐकली आणि तिच्याविषयी आपसात मतभेद व्यक्त केले, तर त्या माणसांना विचार करण्याची, दुसऱ्याचे ऐकून घेण्याची आणि बहुमताने निर्णय घेण्याची सवय लागते. अशी सवय लागलेला माणूस मजुरीच्या प्रश्नावर मुका राहात नाही.

आता आपल्याकडे पाहू. कार्यकर्ता कादंबरीविषयी बोलतो तेव्हा पुष्कळदा दोनपैकी एक तराजू हाती घेतो. पहिला तराजू सोवळेपणाचा. भाऊ पाध्ये यांनी तारुण्यात कामगार चळवळीत काम केले होते. मुंबईत घर मिळविण्यासाठी होणारी माणसाची फरफट त्यांनी 'वैतागवाडी'त मांडली. १९६५ साली त्यांची 'वासूनाका' आली तेव्हा चर्चा झाली ती प्रामुख्याने अश्लीलतेची. नाक्यावरची ही तरुण पोरे अशी का बोलतात, त्यांच्यापुढे काम कोणते आहे, घरात झोपावयास जागा किती आहे, हे प्रश्न मागे पडले. पुढील काळात हीच नाक्यावरची पोरे कोणत्या संघटनांनी उचलली, हे मुंबईच्या राजकारणाने दाखवून दिले. कादंबरीकाराने जी माणसे वेळेवर दाखविली होती, त्यांच्याविषयी पुरोगामी वाचक वेळेवर बोलले नाहीत.

दुसरा तराजू पक्षनिष्ठेचा. कादंबरी पुरोगामी की प्रतिगामी, शेवटी लढा उभा राहतो की नाही, एवढे विचारून हा वाचक पुस्तक मिटतो. या मापाने ठराव मोजता येईल. माणूस मोजता येत नाही. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' २००२ साली प्रसिद्ध झाली आणि तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विदर्भातील शेतकरी कुटुंबातील शिकलेला, पण पैसे भरल्यावाचून नोकरी न मिळणारा एकनाथ तिच्या केंद्रस्थानी आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरील समित्यांचे अहवाल कर्ज, पाऊस, उत्पादनखर्च आणि बाजारभाव यांचा हिशेब मांडतात, आणि तो हिशेब अत्यावश्यकच आहे. परंतु उत्पादनखर्चाच्या कोष्टकात बापलेकांमधील अबोल्याला रकाना नसतो. शिकल्यामुळे शेतीत मन रमत नाही आणि शिकूनही शेतीबाहेर दार उघडत नाही, या कोंडीची किंमत कोणत्याही निर्देशांकात धरली जात नाही. ती कळते कादंबरीत.

तथापि एकट्याने वाचून ती पुरतेपणी कळत नाही, हा खरा मुद्दा आहे. हीच कादंबरी कोरडवाहू शेतकरी, शहरात नोकरीला लागलेला त्याचा धाकटा भाऊ, खाजगी संस्थेतील शिक्षक आणि दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करणारी बाई यांनी वाचली किंवा ऐकली, तर चार निराळी पुस्तके समोर येतील. शेतकऱ्याला बापाची बाजू पटेल. शिक्षकाला नोकरीसाठी पैसे मागणाऱ्यांचा प्रसंग वाचताना आपली स्वतःची नेमणूक आठवेल आणि तो कदाचित गप्प बसेल. मजुरी करणारी बाई विचारील की या सगळ्या दुःखात आमच्या रोजाचा उल्लेख कितीसा आहे. या शेवटच्या प्रश्नाने कादंबरीची उंची कमी होत नाही. वाचकांची मात्र वाढते. विश्वास पाटील यांच्या १९९१ सालच्या 'झाडाझडती'चेही तसेच. धरणग्रस्ताने ती वाचणे आणि त्याच धरणाच्या पाण्यावर ऊस काढणाऱ्याने ती वाचणे, यांत अंतर आहे. हे दोन वाचक एका खोलीत बसून बोलले, तर पुनर्वसनाच्या कायद्यावरील दहा व्याख्यानांनी होत नाही ते काम होईल.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. रोजच्या मोर्चे, अर्ज, बैठका यांतून कार्यकर्त्याला वेळ कोठे आहे? शिवाय कादंबरी हे शिकलेल्यांचे काम, असेही म्हटले जाते. यातील दुसऱ्या भागाला उत्तर अण्णा भाऊ साठे यांनी दिले आहे. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या या माणसाने १९५९ साली 'फकिरा' लिहिली. शाळेवाचून कादंबरी लिहिता येत असेल, तर शाळेवाचून तिच्याविषयी मत देता येणार नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? राहता राहिला वेळेचा प्रश्न. माणसे संघटनेपासून का दुरावतात, यावर चिंतन करण्यात कार्यकर्ते जेवढा वेळ घालवितात, त्यातला थोडा जरी माणसे काय वाचतात आणि काय बोलतात हे ऐकण्यात गेला, तर तो वाया जाणार नाही.

यासाठी मोठी यंत्रणा नको आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि गावोगावी मान्यताप्राप्त ग्रंथालये उभी राहिली. त्यांतील अनेकांची आज दैना आहे. तुटपुंज्या अनुदानात ग्रंथपालाचा पगार आणि पुस्तकांची खरेदी यांची ओढाताण होते. त्या अनुदानासाठी आवाज उठविणे हे पक्षाचे काम आहेच. परंतु ज्या कपाटाकडे कोणी फिरकत नाही, त्याच्यासाठी उठविलेल्या आवाजात जोर येत नाही. पुस्तक ही अशी वस्तू आहे की ती वापरल्याने संपत नाही. एक प्रत दहा हातांतून गेली आणि दहाजण तिच्याविषयी बोलले, तर तिचे मोल वाढते.

प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक संध्याकाळ ग्रंथालयात जमावे. प्रत्येकाने आपण वाचीत असलेल्या कादंबरीविषयी बोलावे. पुरी झाली नसली तरी चालेल. नियम दोनच असावेत. कादंबरी चांगली की वाईट, हे सांगण्याआधी आपण कोणत्या पानावर थांबलो आणि का, हे सांगावे. आणि सर्वांत कमी शिकलेल्याने सर्वांत आधी बोलावे. अध्यक्षीय समारोप नसावा.

अशा काही संध्याकाळी झाल्या, म्हणजे पुढच्या शिबिरात सतरंजीवरचा तो तिसरा कार्यकर्ता संकोचणार नाही. तो कादंबरीचे नाव सांगेल, आणि बाकीचे अहवाल बाजूला ठेवून त्याला विचारतील, "मग, तुम्हाला काय वाटले?"