सुटकेचे पेढे वाटा, पकडल्याचा व्हिडिओ वाटू नका



1 मार्च 2019 ची रात्र आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या ताब्यातून सुटून वाघ्याहून अटारीत पाऊल टाकेपर्यंत नऊ वाजून गेले होते. सकाळपासून तिथे ढोल आणि हार घेऊन लोक ताटकळत होते. त्यांचे आईवडील चेन्नईहून दिल्लीला निघाले, तेव्हा विमानातल्या प्रवाशांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांचं मूळ गाव तिरुवण्णामलै जिल्ह्यातलं तिरुप्पनमूर, त्यामुळे तमिळनाडूला तर घरचाच मुलगा परत आल्यासारखं झालं. पुढे कितीतरी तरुणांनी त्यांच्यासारख्या मिशा राखल्या. त्याचं हसू येतं, पण त्या हौसेतही माया होती.

त्या आनंदाला कुणी गालबोट लावणार नाही. मला बोलायचंय ते त्याआधीच्या दोन दिवसांबद्दल.

27 फेब्रुवारीला त्यांचं मिग-21 पडलं आणि ते पकडले गेले. रक्ताळलेला चेहरा, डोळ्यांवर पट्टी. तो व्हिडिओ आपल्यापर्यंत कुणी पोचवला? नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणा मामेभावानं, कुणा आत्येबहिणीनं, वर हात जोडल्याचं चित्र लावून. युद्धकैद्याचं लोकांच्या कुतूहलापासून रक्षण झालं पाहिजे, असं 1949 च्या जिनिव्हा कराराचं तेरावं कलम सांगतं. जखमी अधिकाऱ्याचं प्रदर्शन मांडल्याबद्दल भारतानं पाकिस्तानकडे अधिकृत निषेध नोंदवला, यूट्यूबला ते व्हिडिओ काढायला सांगितले. सरकार निषेध करत होतं आणि आपण तेच पुढे पाठवत होतो.

याहून मोठी चूक वेगळी आहे. हातात चहाचा कप असलेला त्यांचा दुसरा व्हिडिओ आठवा. भारतात कुठले, असं विचारल्यावर त्यांनी आधी हे सांगणं बंधनकारक आहे का, असं उलट विचारलं आणि दक्षिणेकडचा एवढंच सांगून थांबले. कोणतं विमान, कोणती कामगिरी, यावर तर अक्षर नाही. इकडे मात्र वाहिन्यांनी आणि आपल्या फोनांनी वडील कोण, राहतात कुठे, शिकले कुठे, सगळं जगजाहीर केलं. शत्रूच्या ताब्यात बसलेल्या माणसानं जे ओठांआड ठेवलं, ते आपण सोफ्यावर बसून बडबडलो. याला देशप्रेम म्हणायला मी तयार नाही.

घरच्यांवर काय गुदरतं तेही पाहा. धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरचे जवान चंदू चव्हाण 29 सप्टेंबर 2016 ला चुकून नियंत्रण रेषेपलीकडे गेले आणि 21 जानेवारी 2017 ला वाघ्यावरून परतले. त्यांना लहानाचं मोठं करणाऱ्या आजीनं पकडल्याची बातमी ऐकून प्राण सोडला होता. बातमी घरात कशी शिरते, याचाही विचार व्हायला हवा. शेजाऱ्यानं दार वाजवून फोन समोर धरायचा, ही काय रीत झाली?

आणि काहींच्या घरी ओवाळायची वेळ आलीच नाही. 1971 च्या युद्धातले पुण्याचे दिलीप पारुळकर दोन सोबत्यांसह रावळपिंडीच्या छावणीतून निसटले, अफगाण सीमेच्या तोंडाशी लंडी कोतलला पुन्हा सापडले आणि अखेर 1 डिसेंबर 1972 ला सहाशेहून अधिक कैद्यांसोबत मायदेशी आले. त्याच युद्धात 5 डिसेंबरला बेपत्ता झालेले फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे मात्र आले नाहीत. बेपत्ता चोपन्न जणांच्या यादीत त्यांचं नाव आहे. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. त्यांनी पुढची सगळी वर्षं सरकारदरबारी पाठपुरावा केला. 2007 मध्ये काही कुटुंबं पाकिस्तानातले तुरुंग पाहून आली, हाती काही लागलं नाही.

म्हणून विनंती अशी. उद्या पुन्हा कुणी पकडला गेला, तर त्याचा फोटो वा व्हिडिओ आपल्या फोनपाशीच थांबू द्या. त्याचं गाव, पलटण, शाळा, बायकोमुलं यांतलं ठाऊक असेल तरी लिहू नका. कुटुंब ओळखीचं असेल तर दोन वेळचं जेवण पोचवा आणि कॅमेरेवाल्यांना फाटकाबाहेर अडवा. तो सुटून आला की मग हळद-चुन्याच्या लाल पाण्यानं ओवाळा, पेढे वाटा, हवे तर फटाके लावा. फक्त दुसऱ्याच दिवशी त्याला मंचावर बसवून “तिथे काय केलं तुमच्याशी?” असं विचारू नका. सांगावंसं वाटलं तर तो आपणहून सांगेल.

इकडच्या कार्तिगै दीपम सणाच्या सुमारासच 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन येतो. त्या दिवशीची वर्गणी माजी सैनिक आणि वीरपत्नींच्या कल्याणासाठी जाते. शाळेतून पोरं डबा घेऊन आली, तर सुट्टे नाहीत म्हणून परत पाठवू नका. आणि हे पत्र नातेवाइकांच्या त्या ग्रुपवर जरूर टाका.

आपला,
तमिळनाडूतल्या पापनाशममधला एक मराठी शेजारी